पबच्या पाट्यांचे फोटो काढायचेत? आधी रस्ता ओलांड

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नोकरीसाठी नुकतीच पुण्याहून इंग्लंडात सेंट ऑल्बन्सला आलीयेस, फोटोग्राफीची आवड आहे, इथल्या पबबाहेर लटकणाऱ्या रंगीत पाट्या बघून त्यांचे फोटो जमवावेसे वाटतायत, पण दारू पीत नाहीस आणि एकटीने पबमध्ये शिरायला अवघडल्यासारखं होतं. कॅमेरा कुठला, परवानगी लागते का, सुरुवात कुठून करायची हे विचारलंयस आणि आत्तापर्यंत काढलेले वीसेक फोटो "सगळे काळे आणि तिरके" आलेत म्हणतेस.

मला हा नाद 2006 पासून आहे, मी पण हर्टफर्डशरमध्येच राहते, किती पब झाले ते मोजणं कधीच सोडलं. आणि मीही पीत नाही, इतक्या वर्षांत लाईम अँड सोडाच्या पुढे गेलेली नाही, त्यामुळे ते टेन्शन डोक्यातून काढून टाक. माझ्या सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा मी एका पबसमोर फुटपाथवर पंधरा मिनिटं वर मान करून उभी, तर त्यांनी नवऱ्याला हळूच विचारलं, "ही गुत्त्यासमोर उभी राहून काय टिपून घेतेय रे?" आता त्याच व्हिडिओ कॉलवर विचारतात की या आठवड्यात कुठला राजा सापडला.

आधी काळे फोटो. पाटी असते चार-पाच मीटर वर, मागे इंग्लंडचं ते पांढरंफटक आभाळ, आणि कॅमेरा आभाळ बघून प्रकाश ठरवतो, मग पाटी काळीठिक्कर पडणारच. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय) प्लस एक किंवा दीडवर ने, नाहीतर स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं, लावून पाटीच्या मधल्या रंगावर मीटर घे, आभाळ जळलं तर जळू दे. त्याहून सोपा उपाय म्हणजे दोन पावलं इकडे तिकडे सरकून पाटीच्या मागे पबची भिंत किंवा समोरचं झाड येतं का बघायचं. ढगाळ दिवसाला नावं ठेवू नकोस, त्या मऊ उजेडात वार्निशवर चकाकी येत नाही आणि रंग खरे दिसतात.

तिरके का येतात तर तू पाटीच्या अगदी खाली जाऊन कॅमेरा वर करतेस. सगळेच नवीन लोक हे करतात, मी दोन वर्षं केलं. रस्ता ओलांड, पंधरा-वीस मीटर मागे जा आणि झूम कर. 18-135 किंवा 18-140 मिलिमीटरसारखी एकच झूम लेन्स आणि साधी क्रॉप सेन्सरची (लहान सेन्सरवाली) बॉडी असली तरी खूप झालं, ती सेकंडहँड घे, इथे जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं सहा महिन्यांची वॉरंटीसुद्धा देतात. फोनला तीनपट किंवा पाचपट टेलिफोटो असेल तर तोही चालेल, फक्त डिजिटल झूम नको. वाऱ्यात पाटी हलत असेल तर शटर 1/500 सेकंदापेक्षा जलद ठेव, किंवा झोका टोकाला गेला की क्षणभर थांबतो ना, तो क्षण धर.

आता उन्हाची गंमत सांगते, ही मला कुणी सांगितली नव्हती. पाटी भिंतीला काटकोनात लटकते, म्हणजे रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून ती रस्त्याच्या दिशेने तोंड करून असते. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर पाटीची एक बाजू सकाळी उजळते आणि दुसरी संध्याकाळी. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर उत्तरेकडच्या बाजूला वर्षभर जवळपास ऊन मिळतच नाही, ती ढगाळ दिवसासाठी राखून ठेवायची. डिसेंबरमध्ये तर लंडनला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर असतो, समोरच्या घराची सावली थेट पाटीवर येऊन बसते. म्हणून मी घरून निघायच्या आधी नकाशावर रस्त्याची दिशा बघते, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशावर पबच्या जागी "पीएच" (पब्लिक हाऊस) अशी दोन अक्षरं छापलेली असतात, गावागावांतून रूट आखायला त्यासारखं काही नाही. आणि दोन्ही बाजू काढायच्याच! कित्येक पाट्यांवर दोन बाजूंना दोन वेगळी चित्रं असतात, एका बाजूला राजा तर दुसऱ्या बाजूला राणी, आणि आपण एकच काढून घरी येतो आणि मग कपाळाला हात.

सीझन म्हणशील तर मार्चअखेर ते एप्रिल. झाडांना पानं फुटलेली नसतात आणि फुलांच्या त्या टांगत्या टोपल्या अजून लागलेल्या नसतात. मे-जूननंतर त्या पिटुनियाच्या टोपल्या अर्धा पब झाकून टाकतात, लोकांना तेच सुंदर वाटतं, मला वैताग येतो. वेळ रविवारी सकाळी सातची, रस्त्यावर गाड्या कमी आणि दारात कुणी नाही.

तर हे झालं तंत्र, ते महिन्याभरात येईल. खरी मजा पाटीवर काय आहे हे कळायला लागलं की सुरू होते.

इंग्लंडात पाटी ही शोभेची गोष्ट नव्हती. वाचता येणारे लोक कमी, म्हणून चित्र. त्याच्याही आधी दारात नुसता दांडा आणि त्याला बांधलेला झुडपाचा जुडगा असायचा, आजही "बुश", "हॉली बुश", "आयव्ही बुश" अशी नावं दिसतात ती त्यातली. 1393 मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात एल (एक प्रकारची बीअर) विकणाऱ्याने बाहेर खूण लावलीच पाहिजे असा नियम आला, कारण एल तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला दुकान सापडायला हवं. या रिचर्डचं स्वतःचं चिन्ह होतं पांढरं हरीण, आणि "व्हाईट हार्ट" नावाचे पब देशभर आहेत, तुझ्या गावात होलीवेल हिलवर पण एक आहे. असा पब दिसला की झूम करून हरणाच्या गळ्याकडे बघायचं. तिथे सोन्याचा मुकुट पट्ट्यासारखा आणि त्याला साखळी असेल तर चित्रकाराला इतिहास माहीत होता, नुसतंच रानातलं हरीण असेल तर त्याने कॅलेंडर बघून काढलंय.

"रॉयल ओक" दिसलं की पानांत शोध. 1651 मध्ये वूस्टरची लढाई हरल्यावर दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या ओकच्या झाडावर लपला होता, कुठल्या पाटीवर पानांतून त्याचा चेहरा डोकावतो, कुठे नुसता मुकुट, कुठे खाली शोधणारे सैनिक. "किंग्ज हेड"वर बहुतेक वेळा आठवा हेन्री असतो, कारण तो जाडा, दाढीवाला, लांबून ओळखू येतो. "मार्क्विस ऑफ ग्रॅनबी" हा अठराव्या शतकातला सेनापती, त्याने आपल्या निवृत्त सैनिकांना पब काढून दिले असं सांगतात, आणि पाटीवर तो टकला असतो कारण लढाईत त्याचा विग उडाला तरी तो तसाच घोडा दौडवत गेला. टक्कल नीट रंगवलेली ग्रॅनबी पाटी माझी फार लाडकी आहे.

"एलिफंट अँड कॅसल" बघून आपल्याला लगेच कळतं की ही अंबारी आहे! हत्तीच्या पाठीवरच्या अंबारीचा युरोपातल्या चित्रकारांनी चक्क दगडी बुरूज केला. हे चिन्ह चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या कटलर्स कंपनीचं, मुठी हस्तिदंताच्या म्हणून हत्ती. स्पेनच्या कुठल्याशा राजकन्येच्या नावाचा अपभ्रंश वगैरे जी कथा लोक रंगवून सांगतात ती सोडून दे. अशा कथा जवळपास प्रत्येक पबला चिकटलेल्या असतात, ऐकायच्या जरूर, पण फोटोखाली "असं सांगतात" असंच लिहायचं. "सर्वात जुना पब" हा दावा पण त्यातलाच. तुझ्या गावातला तळ्याजवळचा आठ कोनी "ये ओल्ड फायटिंग कॉक्स" तो सांगतो, नॉटिंगहॅमचा "ट्रिप टू जेरुसलेम" भिंतीवर 1189 लिहून मोकळा झालाय, आणि गिनीजवाल्यांनी 2000 साली हा विक्रमच बंद केला कारण सिद्ध कुणालाच करता येईना. आणि ते "ये" म्हणजे "द" बरं का. जुन्या इंग्रजीत थ-साठी एक वेगळं अक्षर होतं, छपाईत ते वाय-सारखं दिसायला लागलं आणि लोक ये म्हणायला लागले.

एक नाव मात्र आपलं म्हणून सांगते. "ड्यूक ऑफ वेलिंग्टन" तुला गल्लोगल्ली दिसेल, लांब नाकाचा माणूस. नेपोलियनला हरवलं त्या वॉटर्लूच्या लढाईसाठी त्याची पाटी लागलीये हे खरं, पण हाच तो आर्थर वेलस्ली, 23 सप्टेंबर 1803 ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढलेला. गंमत म्हणजे 1830 चा बीअरहाऊस कायदा आला तेव्हा पंतप्रधान हाच होता. त्या कायद्याने कर भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी (जुनं इंग्रजी नाणं) भरून घरात बीअर करून विकायची मुभा मिळाली आणि हजारो छोटे पब उघडले. मी पहिल्यांदा असईचं कळल्यावर एका वेलिंग्टनच्या पाटीखाली जरा जास्तच वेळ उभी होते. काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही, फोटो मात्र चांगला आला.

आता मुद्द्याचं. नुसती पाटी काढू नकोस. 2009 मध्ये बकिंगहॅमशरच्या एका खेड्यात मी एका पबची पाटी काढली, हाताने रंगवलेली, चित्रकाराची सही खालच्या कोपऱ्यात स्पष्ट, फ्रेमभर पाटी, मी जाम खूश. तीन-चार वर्षांनी परत गेले तर तिथे तीन घरं, समोर कचऱ्याचे डबे, आणि शेजारच्या आजींनी विचारलं की तुझ्याकडे पबचा फोटो आहे का, आमचं लग्नाचं जेवण तिथे झालं होतं. माझ्याकडे पाटी होती, पब नव्हता! दार कुठे होतं, खिडक्या कशा होत्या, काही नाही. तेव्हापासून माझा नेम आहे, प्रत्येक पबचे किमान पाच फोटो: पाटीच्या दोन बाजू, अख्खा दर्शनी भाग, रस्त्यासकट लांबून एक, आणि एखादा बारकावा. ब्रॅकेट, कंदील, दारावरची परवानाधारकाच्या नावाची छोटी पट्टी, काहीही.

कारण हे झपाट्याने जातंय. 2000 साली देशात 60 हजारांच्या आसपास पब होते, आता 45 हजारांच्या आसपास. 2023 च्या ऑगस्टमधलं स्टॅफर्डशरचं "क्रूकेड हाऊस" तू ऐकलं असशील, खाणीमुळे जमीन खचून वाकडा झालेला पब, आत टेबलावर गोटी ठेवली तर ती चढावर जातेय असं वाटायचं. 5 तारखेच्या रात्री आग लागली आणि 7 तारखेला तो जमीनदोस्त. उलट लंडनचं "कार्लटन टॅव्हर्न" बघ, 2015 मध्ये परवानगी न घेता पाडलं, पण त्याआधी त्याला वारसा यादीत घ्यायचं चालू होतं म्हणून आतल्या-बाहेरच्या सगळ्याची नोंद झालेली होती, आणि कौन्सिलने (तिथल्या पालिकेने) जसंच्या तसं परत बांधायला लावलं, 2021 मध्ये उघडलं पण. नोंद होती म्हणून बांधता आलं.

पब बंद न होताही पाटी जाते. बरेच पब ब्रुअरीच्या, म्हणजे बीअर बनवणाऱ्या कंपनीच्या, मालकीचे असतात, ती बदलली की पाटी बदलते. 1989 मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअऱ्यांच्या ताब्यातल्या पबवर मर्यादा आणली, त्यांनी हजारो पब विकून टाकले आणि त्या लाटेत असंख्य जुन्या पाट्या भंगारात गेल्या. आत्ता लागतात त्यातल्या बऱ्याच व्हिनाइलवर प्रिंट केलेल्या, झूम केल्यावर ठिपके दिसतात आणि कडा सुटलेल्या असतात. ब्रशचे फराटे आणि रंगाच्या भेगा दिसल्या की समज खरी पाटी आहे, खालच्या कोपऱ्यात सही शोध. मेलेल्या ब्रुअऱ्यांची नावं मात्र भिंतीवरच्या टाइल्सवर आणि नक्षीच्या काचांवर टिकून असतात, लंडनच्या ईस्ट एंडला ट्रुमन, चॅरिंग्टन अजून वाचता येतात, तेही टिपून ठेव.

फाइलला नाव देताना पबचं नाव, गाव, काउंटी (म्हणजे जिल्हा), तारीख, ब्रुअरी. "रेड लायन" म्हणून सेव्ह केलंस तर मेलीस, देशात सगळ्यात जास्त पब याच नावाचे आहेत.

परवानगीचं विचारलंस. रस्त्यावरून फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही. पण एक बारीक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. 1988 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 62 इमारती आणि सार्वजनिक जागेतली शिल्पं यांचे फोटो मोकळेपणी वापरायला देतं, त्यात रंगवलेलं चित्र येत नाही. म्हणजे पाटीवरचं चित्र हयात चित्रकाराचं असेल तर हक्क त्याचा किंवा ब्रुअरीचा. छंद म्हणून जमवायला कुणी अडवत नाही, पण फक्त पाटीचा क्लोजअप मगवर छापून विकायचा बेत असेल तर आधी त्यांना विचारून घे.

आत मात्र खाजगी जागा. मी आधी काहीतरी विकत घेते, दुपारी तीनच्या सुमारास, जेवणाची गर्दी संपलेली असते, आणि पेय हातात आल्यावर बारवर विचारते की खोलीचे दोन-चार फोटो काढले तर चालतील का. शंभरात नव्वद वेळा हो म्हणतात, वर एखादा म्हातारा येऊन भिंतीवरचा जुना फोटो पण दाखवतो. फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही, माणसं फ्रेममध्ये नाहीत आणि लहान मुलं तर अजिबातच नाहीत. एकटी बाई म्हणून मला आत कधी त्रास झाला नाही, बाहेर झालाय. एकदा एक पबमालक तावातावाने बाहेर आला, त्याला वाटलं मी बिल्डरची माणूस आहे, पब पाडायला जागा बघायला आलेय. फोनवर माझा अल्बम दाखवल्यावर त्याने स्वतः शिडी आणून पाटीवरची कोळिष्टकं काढून दिली. म्हणून पंधरा-वीस चांगले फोटो फोनमध्ये कायम ठेव, ते ओळखपत्रासारखे कामाला येतात.

लिव्हरपूलला "फिलहार्मोनिक" बघशील तेव्हा तिथलं पुरुषांचं संगमरवरी टॉयलेट प्रसिद्ध आहे, 2020 मध्ये त्या पबला ग्रेड वन, म्हणजे वारसा इमारतींचा सर्वात वरचा दर्जा मिळाला. मी दारात उभी राहिले आणि आत कुणी नाही याची खात्री करून नवऱ्याला कॅमेरा देऊन पाठवलं. सगळे फोटो हललेले. असो.

आपल्या लोकांशी जोडलेलं काही हवं असेल तर बर्मिंगहॅमच्या पलीकडे स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमविचचे देसी पब बघ. बंद पडत चाललेले पब पंजाबी मंडळींनी घेतले, नावं तीच ठेवली, बाहेर तोच लाल सिंह आणि आत मिक्स्ड ग्रिल. वेस्ट ब्रॉमविचच्या "रेड लायन"मध्ये रंगीत काचेच्या खिडकीत इथे आलेल्या लोकांची गोष्ट काढलीये, ती काच दिवसाउजेडी बघ, एक्स्पोजर काचेवर घे, खोली काळी होऊ दे.

सुरुवात कुठून, तर पहिला शनिवार गावातच घालव, चालत दहा-बारा पब होतील. दुसऱ्या शनिवारी थेम्सलिंक पकडून थेट ब्लॅकफ्रायर्सला उतर, स्टेशनसमोरच "ब्लॅक फ्रायर" आहे, पाचर मारल्यासारखी चिंचोळी इमारत, दारावर जाडा साधू. आत 1905 पासून केलेलं संगमरवर आणि तांब्याचं काम आहे, साधूंची चित्रं आणि वर कोरलेली वाक्यं, त्यातलं "हेस्ट इज स्लो" मी दर वेळी वाचते आणि तरी घाई करून एखादा फोटो हलवतेच. 1960 च्या दशकात तो पण पाडणार होते, कवी जॉन बेचमन आणि इतरांनी वाचवला. तिथून चालत फ्लीट स्ट्रीटला "ये ओल्ड चेशर चीज", लंडनच्या मोठ्या आगीनंतर 1667 मध्ये परत बांधलेला, बोळातल्या दाराजवळ तेव्हापासूनच्या राजा-राण्यांची यादी लावलीये, तिचा फोटो बाहेरूनच काढ, कारण तो सॅम्युएल स्मिथ ब्रुअरीचा आहे आणि त्यांच्या पबमध्ये मोबाईल वापरायला मनाई आहे. मग नदी ओलांडून सदर्कला "जॉर्ज इन", 1677 चा, घोडागाड्यांच्या काळातला, लाकडी सज्जे असलेला, अंगण अरुंद आहे म्हणून वाइड लेन्स किंवा फोनच बरा.

आणि गाडी चालवायला लागलीस की बार्ली गावाला जा, हर्टफर्डशरच्या उत्तर टोकाला. "फॉक्स अँड हाउंड्स"ची पाटी रस्त्याच्या वर आडव्या तुळईवर आहे, पुढे कोल्हा, मागे कुत्रे आणि त्यांच्या मागे घोडेस्वार, सगळे एका रांगेत रस्ता ओलांडतायत. अशा आडव्या पाट्या देशात मोजक्या उरल्यात. इथे मी वर सांगितलेलं सगळं उलटं कर, मागे पांढरं आभाळच हवं आणि आकृत्या काळ्याच पडू देत. फक्त जायच्या आधी तिथल्या कौन्सिलच्या साइटवर कचऱ्याचा दिवस कधी ते बघ, मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा खाली डब्यांची रांग होती.